दुसरी पंगत

जेवणघराच्या दारात उभ्या असलेल्या मुख्य वाढप्यानं दोघांची कार्डं घेतली, समोरच्या पडद्यावर काहीतरी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि अदबीनं म्हणाला, "साहेब, तुमची पहिली पंगत. या ना, आत या. बाईंची मात्र दुसरी. त्यांना अजून बराच वेळ आहे." मागे रांग लागली होती, अत्तरांचे वास एकमेकांत मिसळत होते, आणि पायाखालचा गालिचा अगदी हळू, पोटात कळेल न कळेल इतका, डावीकडे कलून परत सरळ होत होता. "असं कसं?" मास्तर म्हणाले. "आम्ही दोघं एकत्र आहोत." "खोली एकच आहे साहेब," वाढपी म्हणाला, "पण जेवण असंच नोंदवलंय. जहाज भरलेलं आहे. काही जागा सुटली तर बघतो." मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. प्रवासासाठी मुद्दाम शिवून घेतलेले कपडे तिनं घातले होते, केसांचंही काहीतरी वेगळं केलं होतं. "जा तुम्ही," ती म्हणाली. "गार होईल." आणि मास्तर गेले.

गेले म्हणजे खरोखरच गेले. वाढप्यामागून टेबलांमधून वाट काढत आपल्या खुर्चीपर्यंत पोचले, मांडीवर रुमाल पसरला, सूप आलं, ते प्यायला लागले. निम्मं सूप संपल्यावर त्यांचा चमचा थांबला. आपण आलो कसे? दुसरा कुणीही नवरा असता तर त्यानं दारातच चार शब्द सुनावले असते, मॅनेजरला बोलवा म्हणाला असता, निदान 'मग मीही नंतरच जेवतो' म्हणून मागे फिरला असता. आपल्या डोक्यात तसं आलंसुद्धा नाही. तुमची वेळ झाली असं कुणी म्हटल्याबरोबर पाय निघाले, भोंगा झाल्यावर निघायचे तसे. आणि तिचे पायही तितक्याच बिनतक्रार मागे वळले. कपाळाला हात लावावा अशी गोष्ट होती. पण हातात चमचा होता, समोर चार अनोळखी माणसं होती, आणि सूप आता खरंच गार झालं होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. त्यांनी उभा जन्म काचेच्या कारखान्यात रात्रपाळी केली, आणि तिथे त्यांना सगळे भट्टीमास्तर म्हणत. काचेची भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं जळतच ठेवावी लागते; विझली तर आतली वितळलेली काच आतच थिजते आणि मग भट्टीच फोडून काढण्याची पाळी येते. म्हणून कुणीतरी रात्रभर तिच्यापाशी जागायचं, निळ्या काचेच्या तुकड्यातून तिच्या पोटात पाहायचं, ज्वाळेचा रंग बिघडला की ओळखायचं. लग्न झालं तेव्हा 'वर्षभरात दिवसपाळी देतो' असं कारखान्याच्या साहेबांनी सांगितलं होतं. ते साहेब निवृत्त झाले, त्यांच्या जागी आलेलेही झाले, मास्तर रात्रीवरच राहिले. त्यांच्याइतकं नीट कुणी जागत नसे, आणि खरं सांगायचं तर त्यांनीही कधी कुणाच्या मागे लकडा लावला नाही. बायको पाळणाघरात. कामावर जाणाऱ्या आयांची मुलं उजाडताना तिच्या हवाली व्हायची, दिवस मावळताना परत जायची. ती जिना उतरायची तेव्हा मास्तर चढायचे, मास्तर उतरायचे तेव्हा ती चढायची. "तुमचा संसार म्हणजे एक सायकल आणि दोन स्वार," मेव्हणा म्हणायचा, "एक उतरला की दुसरा बसतो." सगळे हसायचे. मास्तरही हसायचे.

त्या घरात न बोलता चालणारी एक भाषा तयार झाली होती. ओट्यावर वाटी उपडी असली की 'तुमचं झाकून ठेवलंय', कप उपडा असला की 'माझा चहा झाला, तुमच्यापुरता करा', झोपायच्या खोलीचा पडदा ओढलेला असला की 'झोपलेत'. पडदा बहुतेक वेळ ओढलेलाच. त्याच्या अलीकडे बायको सुट्टीच्या दिवशीही अनवाणी चालायची, किटली शिट्टी घालायच्या आत ती उचलायची, आणि मुलगी तर लहानपणीच आवाज न करता हसायला शिकली होती. तोंड उघडायचं, खांदे गदगदा हलायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, आवाज काही नाही. मास्तरांनी एकदा ते पाहिलं आणि पोरीला काही झालंय की काय म्हणून ते धावत गेले. भांडण मात्र या घरात कधी झालं नाही. 'आम्ही आयुष्यात भांडलो नाही,' असं मास्तर चारचौघांत अभिमानानं सांगत. भांडायलासुद्धा दोघं एका वेळी जागी असावी लागतात, हे लक्षात यायला त्यांना निवृत्त व्हावं लागलं.

निवृत्त झाल्यावर घर एकाएकी लहान झालं. स्वयंपाकघराच्या दारात समोरासमोर आले की दोघंही बाजूला होत, दोघंही एकाच बाजूला, आणि 'जा तुम्ही', 'नाही, तू जा' असं दवाखान्यात भेटलेल्या परक्या माणसांसारखं चाले. रात्री मास्तर तिच्या शेजारी आडवे होत आणि छताकडे बघत राहत. झोप यायची ती उजाडल्यावर, ती निघून गेल्यावर, जुन्या वेळेला. संध्याकाळी दोघं समोरासमोर जेवायला बसत आणि बोलायला काही नसे. म्हणजे पुष्कळ असावं. पण सुरुवात कुठून करायची ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. अशातच पाळणाघराच्या मालकीणबाईंनी तिला विचारलं की उशिरा सुटणाऱ्या आईबापांसाठी संध्याकाळची शाखा काढतेय, दुपारी यायचं, रात्री जेवणवेळ टळून गेल्यावर सुटायचं, तूच सांभाळ. "सुट्टीवरून आले की सांगते," असं ती त्यांना म्हणाली आणि घरी येऊन तेच वाक्य तिनं मास्तरांना जसंच्या तसं ऐकवलं. मास्तर "बरं" म्हणाले. त्यांना 'नको' म्हणायचं होतं. आता मी आलोय घरी, आता तू कुठे निघालीस, असं म्हणायचं होतं. पण जिनं इतक्या वर्षांत एका शब्दानं 'रात्रीची नोकरी सोडा' म्हटलं नाही, तिला हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? म्हणून ते 'बरं' म्हणाले आणि तो 'बरं' तसाच घेऊन जहाजावर चढले. परतल्यावर ती मालकीणबाईंना काय सांगणार, एवढीच एक गोष्ट या सफरीत त्यांना महत्त्वाची होती. बाकी समुद्र वगैरे ठीकच होतं.

जहाजाची कल्पना मुलीची. "तुम्ही दोघं एकदा अशा ठिकाणी जा, जिथून कुणालाच कामावर जाता येत नाही," ती फोनवर म्हणाली होती. आरक्षण मात्र मास्तरांनी स्वतः करायचं मनावर घेतलं. सकाळी बायको गेल्यावर ते संगणकासमोर बसले. आधी वाटलं होतं, तारीख सांगायची की झालं. पण ते पान एकामागून एक प्रश्न विचारत सुटलं. कुठला मजला? पुढचा भाग की मागचा? मालिश हवी का? शॅम्पेन हवी का? नको म्हणायचा चौकोन इतका बारीक की दोनदा त्यांनी चुकून शॅम्पेनच मागवली. कोपऱ्यात एक घड्याळ उलटं पळत होतं आणि त्याखाली लिहिलं होतं की ही खोली तुमच्यासाठी थोडाच वेळ राखून ठेवली आहे. हयातभर भट्टीचे काटे सांभाळलेल्या माणसाला त्या एवढ्याशा घड्याळानं घाम फोडला. मग पान गोठलं. मदतीच्या नंबरावर एक मंजूळ बाई 'तुमचा फोन आम्हाला मोलाचा आहे' असं सांगून पुन्हा पुन्हा तीच सनई ऐकवत राहिली. मोलाचा असता तर उचलला असता, असं मास्तर भिंतीला म्हणाले. दुसऱ्या खेपेला त्यांनी ठरवलं, फार खल करायचा नाही, विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं. खोल्यांपैकी एकीपुढे लिहिलं होतं, 'आतली, खिडकी नाही, दिवसाही पूर्ण अंधार.' ती त्यांना फारच पसंत पडली. पहिला प्रवासी, जेवणाची वेळ? लवकरची. दुसरा प्रवासी? उशिराची. इतकी वर्षं मास्तर कामावर जाण्याआधी जेवत आणि बायको कामावरून आल्यावर, हे त्यांना स्वतःच्या जन्मतारखेइतकं पाठ होतं. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? पान पुढे सरकलं, पडद्यावर रंगीबेरंगी कागदांची उधळण झाली. "झालं सगळं," संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. "एकदम चोख."

चोख! त्याच दिवशी दुपारी खोलीत पाऊल टाकल्याबरोबर तिनं भिंतीवरचा पडदा बाजूला केला होता. मागे भिंतच होती. कुणीतरी शोभेसाठी भिंतीला पडदा लावला होता. ती क्षणभर तशीच पडद्याची कड धरून उभी राहिली आणि मग म्हणाली, "असू दे. समुद्र बाहेर आहेच की." मास्तरांना तेव्हा हायसं वाटलं होतं. आता जेवणघरात, सूप उचलून नेल्यावर, त्यांना ते वाक्य पुन्हा ऐकू आलं आणि ते तितकंसं बरं वाटेना. तिनं रागवायला हवं होतं. अशा वेळी बायका रागावतात असं त्यांनी ऐकलं होतं.

त्यांच्या टेबलावर एक दंतवैद्य होते, त्यांची बायको होती, एक मुकाट्यानं खाणारा गृहस्थ होता आणि दरवर्षी न चुकता जहाजावर येणारा एक टकलू इसम होता, ज्याला सगळे पहिल्याच दिवसापासून कप्तान म्हणू लागले. कप्तानाला सगळं ठाऊक. डेकवरच्या खुर्चीवर सकाळीच टॉवेल टाकून ठेवायचा, म्हणजे ती दिवसभर तुमची. बंदरावर उतरताना डावा जिना धरायचा. वादळाच्या दिवशी आलं चघळायचं. "एकटेच आलात?" दंतवैद्यांच्या बायकोनं मास्तरांना विचारलं. बायको याच जहाजावर आहे पण ती नंतर जेवते, हे सांगायला तोंड उघडलं तेव्हा मास्तरांना ते फार लांबलचक वाटलं. "हो, तसा एकटाच," ते म्हणाले. बाईंचा आवाज लगेच मऊ झाला, त्यांनी पावाची टोपली मास्तरांकडे सरकवली, आणि त्यानंतर रोज संध्याकाळी त्या त्यांना पहिला पाव द्यायला लागल्या. जिवंत बायकोच्या जिवावर मिळालेला तो सहानुभूतीचा पाव मास्तर मान खाली घालून खात. रोज ठरवत, आज सांगू. रोज उशीर झालेला असे.

आणि दिवसाही जमेना. खिडकी नसलेल्या त्या खोलीत सकाळ कधी झाली ते कळायचंच नाही, आणि मास्तरांना पहाटे लागलेली झोप भर दुपारपर्यंत सुटायची नाही. बायको अंधारात चाचपडत कपडे घालायची, जोडे हातात घेऊन दार इतक्या हलक्या हातानं लावायची की कडीचा आवाजसुद्धा होऊ नये. एकदा मात्र दुपारचं जेवण त्यांनी एकत्र घेतलं, वरच्या मजल्यावर, मोठ्या खिडकीपाशी, हातात थाळ्या घेऊन. समोर नुसतं निळं पाणी. "पाणी फार आहे," मास्तर म्हणाले. "हो," ती म्हणाली. मग दोघं जेवली, एकट्यानं जेवायची सवय असलेली माणसं जेवतात तशी, भराभर, ताटात बघून. मास्तरांचं आधी झालं. ते उठले, ताट ठेवून आले, परत येताना टेबलावरचा आपला कप उपडा घातला, आणि मग उभ्या उभ्याच त्यांच्या लक्षात आलं की ती अजून जेवतेय. त्यांनी कप सुलटा केला. तो सुलटा दिसल्याबरोबर एका तत्पर वाढप्यानं त्यात कॉफी ओतली, आणि मास्तरांना नको असलेली कॉफी पीत बसावं लागलं. ती मात्र त्या दिवशी गालातल्या गालात हसली, हे त्यांनी पाहिलं. त्यांना ते आवडलं होतं.

बेटाचं तर फारच वाईट झालं. या सफरीत तिला एकच गोष्ट पाहायची होती, ते पांढऱ्या घरांचं बेट. त्या सकाळी वारा फार होता, कप्तानानं, म्हणजे खऱ्या कप्तानानं, ध्वनिक्षेपकावरून दिलगिरी व्यक्त केली आणि जहाज न थांबता पुढे गेलं. मास्तरांना हे सगळं संध्याकाळी टेबलावर कळलं. "लोक कठड्याशी दाटीवाटीनं उभे होते," टकलू कप्तान सांगत होता. "घरं दिसत होती, रस्त्यावरून एक बस जाताना दिसली, आणि आपण नुसतं बघायचं. एक बाई तर बेट दिसेनासं होईपर्यंत हलली नाही." कोण बाई ते मास्तरांनी विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं. आपण त्या वेळी अंधारात घोरत होतो, आणि तिनं येऊन उठवलं नाही, कारण झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही हा त्यांच्या घरचा पहिला कायदा होता. त्या संध्याकाळी मास्तरांनी पान अर्धवट टाकलं. ते उठले आणि सरळ दारातल्या मुख्य वाढप्याकडे गेले. "दुसऱ्या पंगतीत काही जागा सुटली का हो?"

वाढप्यानं भुवया वर केल्या. "साहेब, जागा तर दुसऱ्याच दिवशी झाली होती. बाईंच्याच टेबलावर. मी त्यांना तेव्हाच सांगितलं. त्या म्हणाल्या, राहू द्या."

मास्तर डेकवर गेले. माणसं मावळता सूर्य बघत होती, त्याचे फोटो काढत होती, सूर्याकडे पाठ करून स्वतःचेही काढत होती. मास्तर कठड्याला धरून चालत राहिले. राहू द्या, म्हणजे काय? त्यांना राग आला नाही, आला असता तर बरं झालं असतं. रागाचं काहीतरी करता येतं. त्यांना नुसतं लागलं, आत कुठेतरी, आणि दुखत राहिलं. भट्टीच्या बाबतीत असं कधी होत नसे. ज्वाळ पिवळी पडली की हवा वाढवायची, विटा तडकण्याचा आवाज आला की आच कमी करायची. ती काय मागते ते तिच्या रंगावरून कळायचं. घरी आल्यावर मात्र हे शहाणपण दाराबाहेरच राही. बायकोच्या चेहऱ्याचे रंग त्यांना माहीत नव्हते. ते नेहमी झोपेच्या अलीकडून किंवा पलीकडून तिला पाहत आले होते.

जहाजाला पुरा वळसा घालून ते परत जेवणघराशी आले तेव्हा दुसरी पंगत बसली होती. दाराला जाड काच होती. उत्तम काच, एकही बुडबुडा नाही, हे त्यांच्या डोळ्यांनी आपोआप टिपलं. काचेपलीकडे, मधल्या एका गोल टेबलाशी, त्यांची बायको बोलत होती. हातवारे करून बोलत होती. एक हात छताकडे गेला, दोन्ही हात पाण्यातून चालल्यासारखे हलले, मग तिनं खांदे आवळून, चवड्यांवर चालणाऱ्या माणसाची नक्कल केली, आणि अख्खं टेबल फुटलं. एक धिप्पाड बाई टेबलावर बुक्के मारत होती, एक म्हातारे वकीलसाहेब रुमालानं डोळे टिपत होते, एक नवं जोडपं एकमेकांवर कोसळत होतं. बायको स्वतःही हसत होती, मान मागे टाकून, आणि काचेमुळे काहीच ऐकू येत नव्हतं. मुलगी हसायची तशी. तेवढ्यात एक वाढपी ट्रे घेऊन बाहेर आला, दार उघडलं, आणि दार मिटेपर्यंतच्या त्या थोड्याशा वेळात मास्तरांना तिचं हसणं ऐकू आलं. मोठं, खणखणीत, थोडंसं घोगरं. हे हसणं त्यांनी आजवर ऐकलेलं नव्हतं. असं कुणी हसताना ऐकलं असतं तर आपण दारात थांबून चौकशी केली असती, कोण आहे ही बाई, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग त्यांना स्वतःचीच फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते प्रयत्नानं लवकर उठले आणि तिला शोधत डेकवर गेले. ती दोन खुर्च्यांवर टॉवेल टाकून बसली होती, एक रिकामी. "जागा सुटली होती म्हणे," मास्तर बसत म्हणाले.

"हो."

"मला बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुम्ही आला असता."

"मग? येऊ नये?"

"यावं की. पण सांगितलं म्हणून आला असता. जिथे बसवतील तिथे बसला असता, पानातलं संपवलं असतं आणि उठला असता." ती समुद्राकडे बघत बोलत होती. "आणि दुसरं असं की मी तिथे मोठ्यानं बोलते हो. मलाच माहीत नव्हतं माझा आवाज एवढा आहे. पाळणाघरात पोरं निजलेली, घरी तुम्ही निजलेले. तुम्ही शेजारी बसलात की तो खाली जाणार. रागानं नाही, आपोआप. आता बघा ना, कशी बोलतेय."

खरंच ती कुजबुजत होती. लख्ख उन्हात, भणभणत्या वाऱ्यात, आजूबाजूला पोरं पाण्यात धबाधब उड्या मारत असताना ती कुजबुजत होती, आणि मास्तरही तिच्याशी तितक्याच हळू बोलत होते, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय.

"संध्याकाळच्या शाखेचं काय ठरवलंस?" त्यांनी विचारलं.

"हो म्हणावं असं वाटतंय. घरी बसून दोघांनी एकमेकांना घाबरत जेवायचं, त्यापेक्षा बरं." मग त्यांच्याकडे वळून ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?" मास्तरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात कुणीतरी शेजारच्या खुर्चीवरचा टॉवेल कुणाचा म्हणून भांडायला आलं, आणि ते भांडण मिटेपर्यंत वाक्याची वेळ टळून गेली.

सफरीच्या शेवटच्या संध्याकाळी पहिल्या पंगतीत मास्तरांची खुर्ची रिकामी राहिली. ते खोलीत पलंगाच्या कडेवर बसून होते, दाढी करून, कोट घालून. भूक लागली होती. भिंतीला लावलेल्या पडद्याकडे बघत त्यांनी मनात दोनतीन वाक्यं जुळवली, मोडली. दुसरी पंगत बसून बराच वेळ झाला असेल असं वाटल्यावर ते उठले. दारात मुख्य वाढपी म्हणाला, "साहेब, तुमची वेळ तर..." "गेली, ठाऊक आहे," मास्तर म्हणाले आणि त्याच्या बाजूनं सरळ आत शिरले. आयुष्यात पहिल्यांदा ते न बोलावता कुठेतरी चालले होते, आणि त्यांच्या पायांना ते चमत्कारिक वाटत होतं.

ती गोष्टीच्या मध्यावर होती. "...पाणी पार पलंगाच्या पायांपर्यंत आलेलं, आणि प्लंबर बिचारा..." तिचं लक्ष वर गेलं. आवाज एकदम खाली आला, दिवा बारीक करावा तसा. "हे माझे मिस्टर," ती पुटपुटली. टेबलावरचे सगळे वळून बघायला लागले. "मिस्टर? पण ते तर घरी आहेत ना?" धिप्पाड बाई म्हणाली, ती संगीतशिक्षिका होती आणि तिचा आवाज चार टेबलांपलीकडे जात होता. बायकोचा चेहरा लाल झाला. मास्तर काय बोलणार होते? त्यांच्याही टेबलावर एक भली बाई त्यांना बायको नसल्याबद्दल रोज पाव देत होती. वकीलसाहेबांनी चष्मा वर केला, मास्तरांना आपादमस्तक न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "म्हणजे, हेच का ते? झोपलेले?" आणि सगळे हसत सुटले. तेव्हा मास्तरांना उमगलं. ती रोज त्यांच्याच गोष्टी सांगत होती. किटलीची, पडद्याची, आवाज न करता हसणाऱ्या पोरीची. इथे सगळे त्यांना ओळखत होते, रोज त्यांच्याबरोबर जेवत होते. फक्त तेच कधी हजर नव्हते.

कुणीतरी खुर्ची ओढून दिली. मास्तर बसले नाहीत. "सांग ना पुढे," ते बायकोला म्हणाले. "मोठ्यानं सांग. मी जागा आहे."

तिनं मांडीवरचा रुमाल सारखा केला. संगीतशिक्षिकेनं तिची सुटका करावी म्हणून विचारलं, "काय मग, आता हे निवृत्त झाले म्हणजे तुमच्या गोष्टी संपल्या म्हणायच्या?" "आता मलाच संध्याकाळची नोकरी आलीय," बायको ताटाकडे बघत म्हणाली. "घेणार का?" त्या नव्या जोडप्यातल्या मुलीनं विचारलं.

"नको घेऊस," मास्तर म्हणाले. ठरवलं होतं त्यापेक्षा ते फारच मोठ्यानं निघालं. शेजारच्या टेबलावरच्या माना वळल्या. "मला तू संध्याकाळी घरी हवी आहेस."

"हळू बोला."

"नाही बोलणार हळू."

तिनं काटा खाली ठेवला. "आणि इतकी वर्षं?" ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज काचेपलीकडचा, खराखुरा, मोठा होता. "इतकी वर्षं संध्याकाळी मी कुणाची वाट बघत होते? तुम्ही एकदा तरी दिवसपाळी मागितलीत? एकदा तरी?"

"नाही मागितली."

"का?"

मास्तरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. पाठ केलेल्या वाक्यांपैकी एकही आठवेना. "भीती वाटायची," ते म्हणाले. "भट्टीपाशी मला सगळं कळायचं. घरी आलो की काहीच कळायचं नाही. वाटायचं, जागा राहिलो तर तुला दिसेल, ह्याला काही येत नाही."

लांबच्या एका टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता, तिथून टाळ्या ऐकू आल्या. बायको त्यांच्याकडे बघत होती, इतका वेळ, की मास्तरांना खाली बघावंसं वाटलं. पण त्यांनी बघितलं नाही.

"बसा," ती शेवटी म्हणाली, आवाज जराही कमी न करता. "काही खाल्लंय का?"

"नाही."

तिनं आपलं ताट दोघांच्या मध्ये सरकवलं आणि स्वतःचा काटा त्यांच्या हातात दिला. "मालकीणबाईंना सांगते, दुसरी कुणी बघा. पण एक आहे. घरी जेवताना बोलावं लागेल. तोंडानं. रोज."

"काय बोलायचं?" मास्तरांनी विचारलं. खरंच विचारलं. त्यांनी एक बटाटा तोंडात टाकला, तो चावता चावता बराच विचार केला. सगळं टेबल त्यांच्याकडे बघत होतं. मग त्यांना एक गोष्ट सुचली, आणि ती त्यांना मनापासून जाणून घ्यायची होती.

"आपल्या घरात पाणी कधी भरलं होतं?" ते म्हणाले. "मला माहीतच नाही. मग काय झालं?"

बायकोनं रुमालानं डोळे पुसले, संगीतशिक्षिकेनं तिच्यासाठी दुसरा काटा मागवला, आणि ती प्लंबरच्याही आधीपासून, नळ फुटला तिथपासून, मोठ्यानं सांगायला लागली.